73–73 : जे मत कुणीच फेकले नाही

11 फेब्रुवारी 1801, बुधवार. वॉशिंग्टनच्या अर्धवट बांधलेल्या कॅपिटॉल इमारतीत अमेरिकेच्या 1800 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतले सोळा राज्यांचे मतांचे लखोटे उघडले गेले. उघडणारे होते थॉमस जेफरसन. उपराष्ट्राध्यक्ष म्हणून ते सिनेटचे अध्यक्षस्थान भूषवत होते, आणि त्या निवडणुकीत उमेदवारही होते. आकडे असे निघाले: जेफरसन 73, ॲरन बर 73, जॉन ॲडम्स 65, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी 64, जॉन जे 1.

बेरीज 276. निर्वाचक (राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेले मतदार) 138 आणि प्रत्येकाची मते दोन, त्यामुळे हिशेब चोख जुळतो. या यादीतला शेवटचा आकडा, जॉन जे यांचे एकुलते एक मत, नजरेतून सहज निसटतो. पण हे प्रकरण समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते. जॉन जे उमेदवारच नव्हते. ऱ्होड आयलंडच्या एका फेडरलिस्ट (ॲडम्स यांच्या पक्षाच्या) निर्वाचकाने आपले दुसरे मत जाणूनबुजून वाया घालवले, म्हणून ते त्यांच्या नावावर पडले. हरलेल्या पक्षाने जी काळजी घेतली ती जिंकलेल्या पक्षाने घेतली नाही, आणि देश सहा दिवस राष्ट्राध्यक्ष ठरवता न येण्याच्या अवस्थेत अडकला.

मूळ नियम

1787 च्या घटनेतली तरतूद आजच्यासारखी नव्हती. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहातल्या आपल्या जागा अधिक दोन सिनेटर इतके निर्वाचक मिळत. निर्वाचक कसे निवडायचे हे त्या राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचे. ठरलेल्या एकाच दिवशी निर्वाचकांनी आपापल्या राज्यात जमायचे आणि प्रत्येकाने दोन व्यक्तींना मत द्यायचे. त्यातली किमान एक व्यक्ती आपल्या राज्याबाहेरची हवी. अमुक मत राष्ट्राध्यक्षपदासाठी आणि तमुक उपराष्ट्राध्यक्षपदासाठी, असे लिहिण्याची सोयच नव्हती. दोन्ही मते सारख्याच वजनाची.

ज्याला सर्वाधिक मते आणि ती निर्वाचकांच्या संख्येच्या निम्म्याहून अधिक, तो राष्ट्राध्यक्ष. त्याच्या खालचा उपराष्ट्राध्यक्ष. दोघांना बहुमत असूनही मते समान पडली, तर त्या दोघांतून एकाची निवड प्रतिनिधिगृहाने करायची. कुणालाच बहुमत नसेल तर पहिल्या पाचांतून. मात्र तिथे सदस्यागणिक मत नाही. एका राज्याला एक मत, आणि जिंकायला एकूण राज्यांचे बहुमत. एकोणीस सदस्यांचे व्हर्जिनिया आणि एका सदस्याचे डेलावेअर तिथे एकाच तराजूत.

दोन मतांची ही रचना आज चमत्कारिक वाटते, पण तिच्यामागे विचार होता. फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेला भीती होती की प्रत्येक राज्य आपल्याच माणसाला मत देईल आणि कुणालाच बहुमत मिळणार नाही. म्हणून दुसरे मत राज्याबाहेरच्याला देण्याची सक्ती आली. मग लोक पहिले मत घरच्या माणसाला देऊन दुसरे कुठेतरी फेकून देतील, ही पुढची भीती. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या क्रमांकालाही पद दिले, म्हणजे दुसरे मतही जबाबदारीने पडेल. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या जन्मामागे हे मोठे कारण आहे. या सगळ्या मांडणीत एक गोष्ट धरलेलीच नव्हती, ती म्हणजे देशभर एका सुरात मत देणारा पक्ष.

आधीच दिसलेला तडा

1789 मध्येच अलेक्झांडर हॅमिल्टन (पुढे फेडरलिस्टांचे एक नेते) यांच्या लक्षात आले होते की सगळ्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन आणि ॲडम्स अशी दोन नावे लिहिली तर बरोबरी होईल. त्यांनी ॲडम्स यांची काही मते इतरत्र वळवण्याचा सल्ला दिला. निकाल वॉशिंग्टन 69, ॲडम्स 34. ॲडम्स यांना तो आकडा जिव्हारी लागला.

खरा धडा 1796 चा. फेडरलिस्टांचे उमेदवार ॲडम्स आणि थॉमस पिंकनी, रिपब्लिकनांचे जेफरसन आणि बर. (हा रिपब्लिकन पक्ष आजचा नव्हे, जेफरसन यांचा, ज्याला पुढे डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हटले गेले.) साउथ कॅरोलायनाच्या आठही निर्वाचकांनी जेफरसन आणि आपल्या राज्याचे पिंकनी अशी जोडी लिहिली. न्यू इंग्लंडमधल्या ॲडम्स समर्थकांना शंका होतीच की पिंकनी मागच्या दाराने पहिले येतील. त्यांच्यातल्या 18 जणांनी पिंकनी यांना मत दिले नाही. निकाल ॲडम्स 71, जेफरसन 68, पिंकनी 59.

हे गणित नीट मांडून पाहण्यासारखे आहे. ती 18 मते पिंकनी यांना पडली असती तर त्यांची 77 झाली असती, म्हणजे पिंकनी राष्ट्राध्यक्ष आणि ॲडम्स त्यांचे दुय्यम. तेव्हा मते रोखण्याचा निर्णय चुकीचा नव्हता, प्रमाण चुकले. ॲडम्स पहिले आणि पिंकनी दुसरे यायला हवे असतील, तर पिंकनी यांची मते 69 किंवा 70 च हवी होती. म्हणजे रोखायची मते नेमकी 7 किंवा 8. सहा रोखली तर 71–71 बरोबरी. नऊ रोखली तर पिंकनी आणि जेफरसन 68–68. अठरा रोखल्यावर विरोधी पक्षाचा नेता उपराष्ट्राध्यक्ष झाला.

आणि ही 7-8 ची अरुंद फट साधायची कशी? सगळ्या राज्यांतले मतदान एकाच दिवशी. बॉस्टनच्या निर्वाचकाला चार्ल्सटनकडे काय घडतेय हे कळायला आठवडे लागत. आपण किती मते रोखायची हे इतरांनी किती रोखली यावर अवलंबून, आणि ते कळण्याआधीच मत टाकायचे. एकाच दिवशी मतदान ठेवले होते ते राज्याराज्यांत संगनमत होऊ नये म्हणून. पक्ष आल्यावर तीच खबरदारी पक्षाच्या मुळावर आली.

1800 : निर्वाचक कसे गोळा झाले

सोळापैकी फक्त पाच राज्यांत (व्हर्जिनिया, मेरिलँड, नॉर्थ कॅरोलायना, केंटकी, ऱ्होड आयलंड) निर्वाचक थेट लोकांच्या मताने निवडले गेले. बाकी ठिकाणी विधिमंडळाचा शब्द चालला. त्यामुळे खरी लढाई आधी विधिमंडळांच्या जागांसाठी आणि मतदानाच्या पद्धतीसाठी झाली. व्हर्जिनियाने मतदारसंघवार पद्धत सोडून जिंकणाऱ्याला सगळे निर्वाचक देणारी राज्यभराची पद्धत घेतली आणि 21 च्या 21 जेफरसनकडे गेले. मॅसॅच्युसेट्सने उलट लोकांकडून अधिकार काढून विधिमंडळाकडे घेतला. तिथले 16 ॲडम्स यांचे झाले.

सर्वात मोठी उलथापालथ न्यूयॉर्कची. 1796 मध्ये तिथले 12 निर्वाचक ॲडम्स यांचे होते. 1800 च्या वसंतात विधिमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा बर यांनी न्यूयॉर्क शहरात नामवंत उमेदवारांची यादी उभी केली, वॉर्डावॉर्डांत माणसे लावली आणि शहराच्या 13 ही जागा जिंकल्या. विधिमंडळ रिपब्लिकनांचे झाले. हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना लिहिले, की मुदत संपत आलेले जुने विधिमंडळ बोलवा आणि पद्धत बदलून मतदारसंघवार करा. जे यांनी ते केले नाही. पक्षहितासाठीचा हा प्रस्ताव स्वीकारणे आपल्याला शोभणार नाही, असा शेरा त्यांनी त्या पत्रावर मारून ठेवला. नियमात बसणारी गोष्टही करायची नाही, असे ठरवणारा माणूस या सबंध प्रकरणात क्वचितच भेटतो, म्हणून हा शेरा महत्त्वाचा.

पेनसिल्व्हेनियात दोन सभागृहे दोन पक्षांकडे. शेवटच्या क्षणी तडजोड होऊन 8 जेफरसनचे आणि 7 ॲडम्सचे असे वाटप झाले. पंधरा निर्वाचकांच्या राज्याचे वजन निव्वळ एका मताइतके उरले. मेरिलँड 5–5, नॉर्थ कॅरोलायना 8–4. साउथ कॅरोलायनाचा निर्णय सर्वात शेवटी, मतदानाच्या आदल्या दिवशी, 2 डिसेंबरला झाला. फेडरलिस्ट उमेदवाराचेच चुलत नात्यातले चार्ल्स पिंकनी तिथल्या रिपब्लिकनांची बांधणी करत होते. आठही निर्वाचक जेफरसन-बर यांचे निघाले.

आणखी एक गोष्ट वगळून हा हिशेब पुरा होत नाही. राज्याच्या जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली जात होती, आणि निर्वाचक त्या जागांवरून ठरत. 1790 च्या जनगणनेत गुलाम सुमारे 7 लाख होते. त्याचे तीन-पंचमांश म्हणजे 4 लाख 20 हजारांच्या घरात. 33,000 मागे एक जागा हे तेव्हाचे प्रमाण लावले तर 12 च्या आसपास जागा, बहुतेक दक्षिणेत. जेफरसन ॲडम्स यांच्यापुढे होते 8 मतांनी. ज्या माणसांना मताचा अधिकार नव्हता, त्यांच्या डोक्यांच्या मोजणीवर हा विजय उभा होता.

बरोबरी का झाली

3 डिसेंबर 1800 ला निर्वाचक आपापल्या राज्यात जमले. रिपब्लिकनांना माहीत होते की बर यांना एक मत कमी पडायला हवे. ॲडम्स 65 वर असल्याने बर यांचा आकडा 66 ते 72 मध्ये कुठेही चालला असता. म्हणजे एक ते सात मतांपर्यंत मोकळीक होती. 1796 च्या मानाने ही फट प्रशस्त म्हणावी. तरी चुकले.

कारण पुन्हा 1796 मध्येच आहे. त्या वर्षी व्हर्जिनियाच्या 21 निर्वाचकांपैकी एकानेच बर यांना मत दिले होते, 15 जणांनी दुसरे मत सॅम्युएल ॲडम्स यांना दिले. बर ते विसरले नव्हते. न्यूयॉर्क जिंकून दिल्यावर पुन्हा फसवणूक होणार नाही, याचा शब्द त्यांच्या बाजूने मागितला गेला आणि दिला गेला. व्हर्जिनिया आता मत रोखणार नाही हे पक्के झाले. मग रोखणार कोण? साउथ कॅरोलायना एक मत सोडेल, जॉर्जिया सोडेल, टेनेसी सोडेल, अशा बातम्या पत्रांतून फिरत राहिल्या. प्रत्येकाला वाटले दुसरा सोडतोय. आपणही सोडले आणि जास्त झाली तर, ही धास्ती होतीच. शेवटी एकानेही सोडले नाही.

म्हणून ही बरोबरी केवळ गाफीलपणातून आलेली नाही. पक्षाची शिस्त पूर्ण पाळली की या पद्धतीत बरोबरीच होते. टाळायची तर शिस्त मोडावी लागते, तीही मोजून. फेडरलिस्टांनी ते काम ऱ्होड आयलंडच्या एकाच माणसाकडे दिले आणि 65–64 असा नेमका आकडा काढला. रिपब्लिकनांनी ते कुणाच्याच नावावर टाकले नाही.

जॉर्जियाचा कागद

मोजणीच्या दिवशी एक अडचण आली होती. जॉर्जियाच्या निर्वाचकांचे प्रमाणपत्र कायद्याने सांगितलेल्या नमुन्यात नव्हते. मते कुणाची याविषयी शंका नव्हती, कागदाच्या रूपात दोष होता. जेफरसन यांनी ती चार मते मोजून घेतली. ती बाजूला ठेवली असती तर दोघे 69 वर आले असते. 138 चे बहुमत 70. जॉर्जियाचे निर्वाचक ‘नेमलेल्या’ निर्वाचकांत धरायचे की नाही यावर वाद झाला असता, आणि धरायचे ठरले असते तर निवड दोघांतून न होता पाच जणांतून झाली असती. ॲडम्स पुन्हा शर्यतीत आले असते. स्वतःच उमेदवार असलेल्या माणसाने स्वतःच्या बाजूचा वादग्रस्त कागद स्वीकारायचा, ही रचनेतली खोट होती. पण सभागृहात हरकत नोंदली गेली नाही.

प्रतिनिधिगृहात

निवड करणारे सभागृह नव्या निवडणुकीतले नव्हते. मुदत 3 मार्चला संपणारे जुनेच सभागृह होते आणि त्यात फेडरलिस्टांचे बहुमत होते. देशाने ज्या पक्षाला नाकारले त्याच्या हातात दोन रिपब्लिकनांतून एक निवडायचे काम आले. बर यांना निवडून जेफरसन यांना रोखायचे, असे बहुतेक फेडरलिस्टांनी ठरवले.

कार्यपद्धती आधीच ठरवून ठेवली होती. सदस्यांनी राज्यवार बसायचे. प्रत्येक राज्याने आधी आपापसात चिठ्ठ्या टाकून कौल ठरवायचा. मग तो कौल दोन प्रतींवर लिहून दोन वेगळ्या पेट्यांत टाकायचा. दोन गटांनी त्या स्वतंत्र मोजून आकडे ताडून पाहायचे. राज्यात समान मते पडली तर ‘विभागलेले’ असे लिहायचे. निवड होईपर्यंत दुसरे कामकाज घ्यायचे नाही आणि सभागृह तहकूब करायचे नाही.

सोळा राज्ये, हवी होती नऊ. पहिल्या फेरीत जेफरसन यांना आठ: न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, केंटकी, टेनेसी. बर यांना सहा: न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेटिकट, डेलावेअर, साउथ कॅरोलायना. व्हरमाँट आणि मेरिलँड विभागलेली. निर्वाचकांचा कौल आणि प्रतिनिधींचा कौल इथे जुळत नाही, हे पाहा. न्यू जर्सीच्या सातही निर्वाचकांनी ॲडम्स यांना मत दिले होते, पण सभागृहात तिचे सदस्य 3–2 रिपब्लिकन. साउथ कॅरोलायनाचे निर्वाचक जेफरसन यांचे, पण तिचे जुने प्रतिनिधी बहुसंख्येने फेडरलिस्ट.

रात्रभर फेऱ्या चालल्या. आकडा हलेना. मेरिलँड 4–4 वर टिकून होते ते जोसेफ निकोल्सन यांच्यामुळे. अंगात ताप असताना त्यांना बर्फातून बिछान्यासकट कॅपिटॉलमध्ये आणले. शेजारच्या खोलीत पडून ते प्रत्येक फेरीची चिठ्ठी लिहीत राहिले. ते आले नसते तर मेरिलँड बर यांचे झाले असते.

बाहेर वातावरण तापत होते. नव्या राष्ट्राध्यक्षाचा कार्यकाळ 4 मार्चला सुरू व्हायचा होता. तोपर्यंत राष्ट्राध्यक्ष ठरला नाही तर काय, याचे स्पष्ट उत्तर घटनेत नव्हते. तोवर फेऱ्या लांबवून हंगामी राष्ट्राध्यक्ष नेमण्याची कल्पना काही फेडरलिस्टांच्या तोंडी होती. तसे झाले तर मिलिशिया (राज्यांचे नागरी सैन्य) उतरवण्याची तयारी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॅककीन आणि व्हर्जिनियाचे गव्हर्नर मन्रो यांनी ठेवली होती. हॅमिल्टन यांनी पत्रांमागून पत्रे लिहून स्वपक्षीयांना सांगितले की दोघांत जेफरसन कमी धोक्याचे. त्यांचा पक्षावरचा प्रभाव तोवर ओसरला होता; मात्र ही पत्रे डेलावेअरच्या जेम्स बेयर्ड यांनाही गेली होती. बर यांनी डिसेंबरात स्पर्धा नाकारणारे पत्र लिहिले होते, पण निवडून दिले तरी पद घेणार नाही, असे जाहीर वाक्य त्यांनी कधीच उच्चारले नाही. मतदान चालू असताना ते ऑल्बनीत होते. त्या एका वाक्याने पेच सुटला असता, असे माझे मत आहे. जेफरसन यांचा बर यांच्यावरचा विश्वास कायमचा उडाला तो इथे.

36 वी फेरी

बेयर्ड हे डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी, म्हणजे ते स्वतःच एक राज्य. जेफरसन यांना एकच राज्य कमी होते. बेयर्ड केव्हाही पारडे फिरवू शकत होते आणि अखेर कोंडी फोडायचे त्यांनी ठरवले. पण फेडरलिस्ट म्हणून जेफरसन यांच्या नावाची चिठ्ठी टाकायची नव्हती. इथे नियमातला बारकावा आड आला. बहुमत हवे ते एकूण सोळा राज्यांचे, मतदान करणाऱ्यांचे नव्हे. डेलावेअरने कोरी चिठ्ठी टाकली तर जेफरसन आठावरच राहणार आणि आठ अपुरीच. म्हणून नुसते बाजूला होऊन भागणार नव्हते. विभागलेल्या राज्यांतले फेडरलिस्टही बाजूला व्हायला हवे होते.

17 फेब्रुवारीला, 36 व्या फेरीत तसेच झाले. व्हरमाँटचे दोन सदस्य. फेडरलिस्ट लुईस मॉरिस गैरहजर राहिले, आणि उरलेल्या मॅथ्यू लायन यांच्या मताने राज्य जेफरसन यांचे झाले. मेरिलँडच्या चार फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, तेही जेफरसन यांचे. डेलावेअर कोरे, साउथ कॅरोलायना कोरे. अंतिम आकडा जेफरसन 10, बर 4, कोरी 2. कोणत्याही फेडरलिस्टाने शेवटच्या क्षणी बर यांना सोडून जेफरसन यांचे नाव लिहिले नाही. तरीही जेफरसन निवडून आले.

बेयर्ड यांचे म्हणणे असे, की सरकारी कर्जाची परतफेड, नौदल आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या याविषयी जेफरसन यांच्याकडून मेरिलँडच्या सॅम्युएल स्मिथ यांच्यामार्फत आश्वासन मिळाले होते. असा कोणताही सौदा केल्याचे जेफरसन यांनी साफ नाकारले. स्मिथ यांनी चर्चा केली होती हे खरे. ती कुणाच्या अधिकाराने, हा वाद पुढे साक्षीपुराव्यांपर्यंत गेला. 4 मार्चला जेफरसन यांचा शपथविधी झाला, ॲडम्स त्या दिवशी पहाटेच शहर सोडून गेले होते.

दुरुस्ती काय केली, काय सोडले

बारावी घटनादुरुस्ती एका वाक्यात सांगता येते: निर्वाचकाने दोन पदांसाठी दोन वेगळ्या चिठ्ठ्या द्यायच्या. डिसेंबर 1803 मध्ये सिनेटने ती 22–10 अशी मंजूर केली. प्रतिनिधिगृहात 84–42, नेमके दोन-तृतीयांश, तेही सभापती नॅथॅनिएल मेकन यांनी स्वतःचे मत टाकल्यावर. पुरेशा राज्यांची संमती जून 1804 पर्यंत मिळाली, म्हणजे पुढच्या निवडणुकीच्या अगदी तोंडावर. त्या निवडणुकीत जेफरसन 162, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी 14. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी बर यांच्या जागी जॉर्ज क्लिंटन.

विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा ठरण्यासारखा होता. दुसरे पद वेगळ्या चिठ्ठीवर गेले की तिथे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या तोलाचा माणूस शोधायची गरज उरत नाही. पक्ष ते पद कुठल्या राज्याला खूश करायचे यासाठी वापरणार.

दुरुस्तीने बरोबरीचे कारण काढले, पण पेच पडल्यावरची पद्धत जवळपास तशीच ठेवली. राष्ट्राध्यक्षपदासाठी पाचांऐवजी पहिल्या तिघांतून निवड, एवढाच फरक. एका राज्याला एक मत आणि सर्व राज्यांचे बहुमत हे तसेच राहिले. 1824 मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांना 99, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना 84, विल्यम क्रॉफर्ड यांना 41 आणि हेन्री क्ले यांना 37 मते पडली. बहुमत कुणालाच नव्हते आणि तिघांच्या मर्यादेमुळे क्ले बाहेर पडले. 9 फेब्रुवारी 1825 ला प्रतिनिधिगृहाने पहिल्याच फेरीत ॲडम्स यांना निवडले: 24 पैकी 13 राज्ये ॲडम्स, 7 जॅक्सन, 4 क्रॉफर्ड. ती तरतूद आजही त्याच शब्दांत लागू आहे.